मेजावरून दिवाणखान्यांत

संगणकावरचा खेळ दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आणणें म्हणजे एका यंत्रांतली तबकडी काढून दुसऱ्या यंत्रांत घालणें, यापलीकडे त्यांत कांहीं नसावें असें पुष्कळांना वाटतें. घरांतील तरुण मंडळी मात्र याच गोष्टीवरून तावातावानें वाद घालतांना दिसतात. अमुक खेळ कन्सोलवर आला, तमुक अजून आला नाहीं, आला तो बिघडून आला, अशी त्यांची भाषा असते आणि वडील मंडळींना त्या वादाचें मर्म उमगत नाहीं. बुद्धिबळाचा पट लाकडी असो वा कापडी, घोडा अडीच घरेंच चालतो. मग यंत्र बदलल्यानें खेळ कसा बदलतो? बुद्धिबळापुरतें हें म्हणणें खरें आहे. परंतु ज्या खेळांविषयीं हा वाद चालतो त्यांत पट आणि सोंगट्या यांच्याबरोबर माणसांची एक वस्तीहि असते, आणि खेळ हलवितांना ती वस्तीहि हलवावी लागते. अडचण आहे ती तेथें.

या खेळांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात; मराठींत भूमिका-खेळ म्हणण्यास हरकत नाहीं. खेळणारा आपल्यासाठीं एक पात्र घडवितो, कोणी योद्धा, कोणी वैद्य, कोणी मांत्रिक, आणि त्या पात्राच्या रूपानें एका कल्पित देशांत वावरतो. एकट्यानें घरीं बसून खेळावयाचे असे खेळ निराळे. ऑनलाइन भूमिका-खेळांत तो देश खेळणाऱ्याच्या घरांतील यंत्रांत नसतोच. तो दूर कोठेंतरी ठेवलेल्या, सर्व्हर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या संगणकांत असतो, आणि शेंकडों, हजारों माणसें आपापल्या घरांतून इंटरनेटच्या द्वारें एकाच वेळीं तेथें फिरत असतात. एखादा खेळाडू झोपीं गेला तरी तो देश जागाच असतो; तेथला बाजार चालू असतो, मोहिमेवर निघालेले संघ वाट तुडवीत असतात, आणि कालपर्यंत अनोळखी असलेलीं दोन माणसें कोठल्या तरी पुलावर उभीं राहून गप्पा मारीत असतात.

या प्रकारच्या खेळांचा जन्म लिहिण्याच्या मेजावर झाला, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशीं आहे. इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानें १९७८ सालीं रचावयास घेतलेला आणि रिचर्ड बार्टल यानें पुढें वाढविलेला ‘मड’ हा खेळ या घराण्याचा मूळपुरुष समजला जातो. त्यांत चित्र मुळींच नव्हतें. उत्तरेकडे जा, दिवा उचल, असे शब्द खेळाडूनें टंकावयाचे आणि काय घडलें तें शब्दांतच वाचावयाचें. पुढें अमेरिकेंत १९९७ सालीं ‘अल्टिमा ऑनलाइन’ आणि १९९९ सालीं ‘एव्हरक्वेस्ट’ हे खेळ निघाले. त्यांत डोंगर, नद्या, किल्ले, माणसें सर्व कांहीं डोळ्यांना दिसूं लागलें. परंतु कीबोर्ड गेला नाहीं. उलट त्याचें महत्त्व वाढलें. त्यावर शंभराच्या आसपास कळा असतात. एक कळ तलवारीच्या वाराला, दुसरी ढालीला, तिसरी औषधाला, अशी वांटणी करतां करतां कसलेल्या खेळाडूच्या बोटांखालीं तीस-चाळीस कृति येऊन बसल्या. पडदा डोळ्यांपासून दीड-दोन फुटांवर असल्यामुळें त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांत बारीक अक्षरें, यादी, नकाशे मावूं लागले. आणि जो हात लढत होता तोच हात मधल्या वेळांत चार ओळी टंकून शेजाऱ्याची विचारपूस करूं शकत होता.

कन्सोल म्हणजे खास खेळासाठींच बांधलेला संगणक होय. तो दूरचित्रवाणीच्या संचाला जोडतात आणि खेळाडू आठ-दहा फुटांवर कोचावर किंवा सतरंजीवर बसतो. हातांत कंट्रोलर असतो. दोन्ही पंजांत धरावयाचा, फार तर दीड डझन बटणांचा. इतक्या अंतरावरून बारीक अक्षर वाचतां येत नाहीं. इतक्या बटणांत चाळीस कृति मावत नाहींत. टंकण्याचें साधन तर नसतेंच. याखेरीज आणखी एक गोष्ट आहे, जी प्रथमदर्शनीं लक्षांत येत नाहीं. संगणकाचा मालक त्यांत स्मृति वाढवूं शकतो, एखादा भाग बदलूं शकतो. कन्सोल कारखान्यांतून जसा निघतो तसाच तो त्याच्या आयुष्याच्या अखेरपर्यंत राहतो, आणि त्यावर कोणता खेळ चालावा हें यंत्र बनविणारी कंपनी ठरविते. संगणक हा हमरस्ता आहे. कन्सोल हा वाडा आहे, आणि वाड्याला देवडी असते.

पहिला महत्त्वाचा प्रयत्न जपानांत झाला. सेगा कंपनीच्या ‘ड्रीमकास्ट’ या कन्सोलमध्यें टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेटला जोडणारा मोडेम दिलेला होता. युजी नाका यांच्या नेतृत्वाखालील ‘सॉनिक टीम’ या गटानें त्यासाठीं ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ हा खेळ रचला आणि तो डिसेंबर २००० मध्यें विक्रीस आला. संगणकावरील एखादा खेळ जशाचा तसा उचलण्याच्या भानगडींत हे लोक पडले नाहींत. सर्वांनीं एका सभागृहांत जमावें, तेथें ओळखीपाळखी कराव्यात आणि मग चौघाचौघांच्या संघानें मोहिमेवर निघावें, अशी त्यांनीं मांडणी केली. चारच माणसें एका वेळीं पडद्यावर असल्यानें लहानशा यंत्राला तो भार सोसला.

बोलण्याची अडचण त्यांनीं ज्या रीतीनें सोडविली ती वाखाणण्यासारखी आहे. भारतांत २०१३ सालीं बंद झालेली तारसेवा ज्यांना आठवत असेल त्यांना हेंहि आठवेल कीं, लग्नाच्या किंवा सणाच्या शुभेच्छांचीं ठराविक वाक्यें तारघरांत क्रमांकानिशीं असत. पाठविणारानें क्रमांक द्यावा, पलीकडे पूर्ण वाक्य उमटावें. या खेळांतहि तशींच तयार वाक्यें याद्यांतून निवडावयाचीं होतीं. मौज अशी कीं, जपानी माणसानें निवडलेलें वाक्य इंग्रज खेळाडूच्या पडद्यावर इंग्रजींत आणि फ्रेंच खेळाडूच्या पडद्यावर फ्रेंचमध्यें उमटे. जपानी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश अशा पांच भाषांची ही सोय होती. कीबोर्ड नाहीं ही उणीव भरून काढतांना, कीबोर्ड असूनहि जें संगणकवाल्यांना साधलें नव्हतें तें या लोकांनीं साधलें. मात्र सेगा कंपनीचें दैव फिरलें होतें. ड्रीमकास्टचें उत्पादन बंद करीत असल्याचें तिनें ३१ जानेवारी २००१ रोजीं, म्हणजे खेळ निघून पुरते दोन महिने होण्याच्या आंतच, जाहीर केलें. खेळ पुढें दुसऱ्या यंत्रांवर गेला. परंतु वस्तीचें आयुष्य यंत्राच्या आयुष्याला कसें जखडलेलें असतें याचा पहिला धडा त्या वेळींच मिळाला.

दुसरा प्रयत्न अधिक धाडसाचा होता. ‘फायनल फँटसी’ ही जपानी भूमिका-खेळांची नामांकित मालिका. तिचे जनक हिरोनोबू साकागुची यांच्यावर एव्हरक्वेस्टचा चांगलाच पगडा बसला होता. तसाच विशाल, अखंड चालणारा देश दिवाणखान्यांत आणावा या कल्पनेंतून मालिकेचा अकरावा भाग जन्मास आला. सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन २ वर तो १६ मे २००२ रोजीं जपानांत सुरू झाला. संगणकावर तो त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत आला. म्हणजे येथें गंगा उलटी वाहिली. या यंत्राची मुख्य स्मृति होती अवघी ३२ मेगाबाइट. आजच्या हातांतल्या साध्या मोबाइल फोनमध्यें त्याहून शंभर पटींनीं अधिक स्मृति असते, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. एवढा मोठा देश तबकडीवरून वाचीत वाचीत दाखविणें शक्य नव्हतें. तेव्हां कन्सोलला बाहेरून एक हार्ड डिस्क आणि एक इंटरनेटचा जोड घ्यावा लागे, आणि शिवाय दरमहा वर्गणी भरावी लागे. खेळणें विकत घेतलें कीं तें आपलें झालें, या समजुतीवर वाढलेल्या गिऱ्हाइकाला हें नवें होतें.

या खेळाचें खरें मोठेपण असें कीं, कन्सोलवाल्यांसाठीं गांवाबाहेर वेगळा वाडा बांधावा असें त्याच्या कर्त्यांना वाटलें नाहीं. कोचावर बसलेला प्लेस्टेशनवाला आणि मेजाशीं बसलेला संगणकवाला एकाच देशांत, एकाच संघांत होते. ऑक्टोबर २००३ मध्यें अमेरिकेंतील संगणकवाले आले तेहि त्याच देशांत आले, आणि मार्च २००४ मध्यें तेथील प्लेस्टेशनवालेहि. सहा जणांच्या संघांत तिघे टोकियोचे, दोघे शिकागोचे आणि एक कोणी तरी कॅनडाचा, असें सहज घडे. एकमेकांची भाषा कोणालाच येत नसे. यासाठीं खेळांत एक कोशच ठेवलेला होता. त्यांतून शब्द किंवा वाक्यांश निवडला कीं तो वाचणाऱ्याच्या भाषेंत उमटे, आणि तो कोशांतला आहे हें कळावें म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना रंगीत कंस असत. व्याकरण नाहीं, विभक्ति नाहींत. नुसत्या शब्दांना शब्द जोडून माणसें एकमेकांना सावध करीत, आभार मानीत, निरोप घेत. भाषा शिकविणाऱ्यांनीं मनन करावें असा हा प्रकार आहे. व्याकरणावांचून माणसांचें किती अडतें आणि किती अडत नाहीं, याचा एवढा मोठा प्रयोग पूर्वीं क्वचितच झाला असेल.

ज्यांना अधिक बोलावयाचें असे ते प्लेस्टेशनलाहि कीबोर्ड जोडीत आणि तो मांडीवर घेऊन बसत. म्हणजे मेजावरून उठून दिवाणखान्यांत आलेल्या माणसानें मेजाचा एक तुकडा मांडीवर आणलाच! बैठकीचा पडदा आणि त्यावर लेखनाचें साधन, हा संसार कांहींसा विजोड दिसे खरा. पण बोलण्याची हौस माणसाला स्वस्थ बसूं देत नाहीं.

एकत्र राहण्याची किंमतहि होती. काफिल्याची चाल त्यांतील सर्वांत मंद उंटाच्या चालीनें ठरते. संगणकाचीं यंत्रें वर्षागणिक बलवान् होत गेलीं. प्लेस्टेशन २ मात्र ३२ मेगाबाइटवर कायमचें थांबलेलें. पेटाऱ्यांत अधिक वस्तु ठेवण्याची सोय हवी, पडद्यावर अधिक अक्षरें हवींत, अशी मागणी संगणकवाल्यांनीं केली कीं पुष्कळदां या स्मृतीच्या मर्यादेकडे बोट दाखविलें जाई. याहून चमत्कारिक गोष्ट २००४ च्या शरद् ऋतूंत घडली. सोनी कंपनीनें प्लेस्टेशन २ ची नवी, सडपातळ आवृत्ति काढली. दिसावयास सुबक. परंतु तिच्यांत हार्ड डिस्क बसविण्याची जागाच नव्हती. अर्थात् हा खेळ तिच्यावर चालूं शकत नव्हता. अमेरिकेंत कन्सोलवर हा देश खुला होऊन तेव्हां पुरतें एक वर्षहि झालेलें नव्हतें. जुनें यंत्र बिघडलें तर नवें घेऊन भागणार नाहीं, जुनेंच कोठें तरी हुडकून आणावें लागेल, अशी पाळी तेथल्या रहिवाशांवर आली. खेळ करणारी कंपनी एक, यंत्र करणारी दुसरी, आणि दोघींच्या हिशेबांत या वस्तीला जागा असेलच असें नाहीं.

याच सुमारास एव्हरक्वेस्टच्या कर्त्यांनींहि आपला खेळ कन्सोलकडे नेला, पण निराळ्या वाटेनें. ‘एव्हरक्वेस्ट ऑनलाइन अ‍ॅडव्हेंचर्स’ या नांवानें फेब्रुवारी २००३ मध्यें प्लेस्टेशन २ साठीं त्यांनीं एक स्वतंत्र देशच वसविला. मूळ खेळाच्या पांचशें वर्षें आधींचा काळ त्यांत कल्पिलेला होता. संगणकवाल्यांचा शेजार त्याला मुळींच नव्हता. तो नऊ वर्षें चालला आणि २९ मार्च २०१२ रोजीं बंद झाला. मूळ एव्हरक्वेस्ट मात्र त्यानंतरहि संगणकावर चालूच राहिला.

आतां बोटांची गोष्ट. स्क्वेअर एनिक्स या जपानी कंपनीनें आपल्या मालिकेचा चौदावा भाग, हाहि ऑनलाइनच, ३० सप्टेंबर २०१० रोजीं संगणकावर आणला. प्लेस्टेशन ३ वर तो मागाहून यावयाचा होता. परंतु संगणकावरच त्याची अशी कांहीं फजिती झाली कीं, मागाहूनची गोष्ट मागेंच राहिली. एकेक यादी उघडण्यास विलंब लागे. देखाव्यांवर वारेमाप शक्ति खर्च झालेली होती. पुढें ज्यांच्याकडे हा खेळ सोंपविण्यात आला त्या नाओकी योशिदा यांनीं एका व्याख्यानांत सांगितलेलें उदाहरण प्रसिद्ध आहे: एका फुलझाडाच्या कुंडीचें चित्र घडविण्यास जेवढे बहुकोन वापरले होते तेवढेच एका संपूर्ण मनुष्याकृतीला वापरलेले होते. कुंडी सुंदर होती यांत शंका नाहीं. पण वीस माणसें एका ठिकाणीं जमलीं कीं यंत्र दमून जाई, आणि माणसें जमावींत म्हणून तर हा खेळ. डिसेंबर २०१० मध्यें योशिदा यांनीं सूत्रें हातीं घेतलीं. त्यांनीं जुना खेळ चालूं ठेवून त्याच्या मागें नवा रचला. ११ नोव्हेंबर २०१२ रोजीं जुन्या देशावर आकाशांतून चंद्र कोसळला आणि सर्व्हर बंद झाले. पुराणांत प्रळय वाचलेला असतो. येथें रहिवाशांनीं तो पडद्यावर उभ्यानें पाहिला. २७ ऑगस्ट २०१३ रोजीं तोच देश नव्यानें वसला, आणि या वेळीं संगणक व प्लेस्टेशन ३ या दोहोंवर एकदमच.

या नव्या रचनेंत कंट्रोलरची जी योजना केली आहे ती पाहण्यासारखी आहे. पेटीला प्रत्येक स्वरासाठीं निराळी पट्टी असते. बोट ठेवलें कीं तो स्वर वाजतो. बांसरीला बोटांनीं झांकावयाचीं छिद्रें सहाच. तरी कसलेला वादक त्यांतून तीव्र, कोमल, वरचें सप्तक, खालचें सप्तक सर्व काढतो. कारण तो एक छिद्र अर्धें झांकतो, दुसरें पुरतें झांकतो आणि फुंकीचा जोर बदलतो. कीबोर्ड ही पेटी आहे आणि कंट्रोलर ही बांसरी. कंट्रोलरच्या डाव्या हाताला चार दिशांचीं चार बटणें आणि उजव्या हाताला चार बटणें, मिळून आठ. मागच्या बाजूला तर्जनीखालीं एक डावी आणि एक उजवी कळ. डावी कळ दाबून धरली कीं त्या आठ बटणांना आठ कृति लागू होतात. उजवी दाबून धरली कीं निराळ्या आठ. झाल्या सोळा. आणि ही सोळांची पंगत एका बटणासरशी उठून तिच्या जागीं दुसरी बसते. पडद्याच्या तळाशीं दोन अधिकचिन्हांच्या आकारांत या कृतींचीं चित्रें मांडलेलीं असतात, बटणें हातांत जशीं असतात अगदीं तशीं. त्यामुळें डोळ्यांना शोधावें लागत नाहीं. संगणकवाल्याच्या तीस-चाळीस कृति कोचावर आल्या त्या अशा. महत्त्वाची गोष्ट ही कीं, त्यांतली एकहि गाळावी लागली नाहीं. संगणकापुढें बसणारे पुष्कळ खेळाडूहि पुढें कंट्रोलर जोडून याच रीतीनें खेळूं लागले, हें या योजनेच्या यशाचें चांगलें प्रमाणपत्र म्हणावें लागेल.

दुसराहि मार्ग आहे, आणि तो अमेरिकेंतील ‘द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ या खेळानें पत्करला. संगीत नाटकांतलें पद रंगभूमीवर वन्स मोअर घेत घेत हवें तितकें लांबे. तेंच लाखेच्या तबकडीवर घालावयाचें तर सुमारें तीन मिनिटांत बसवावें लागे, आणि मग गवई मुळांतच नेमकें गाऊं लागले. या खेळांत एका वेळीं हाताशीं पांच कृति आणि एक ब्रह्मास्त्र, एवढेंच असतें. शस्त्र बदललें कीं दुसरा तितकाच संच. संगणकावरहि हीच मर्यादा होती. त्यामुळें बोटांच्या बाबतींत हा खेळ कन्सोलकडे नेणें अवघड नव्हतें. तरीहि ४ एप्रिल २०१४ रोजीं संगणकावर आलेला हा खेळ, दोनच महिन्यांनीं कन्सोलवर यावयाचा असें जाहीर झालेलें असतांना, प्रत्यक्षांत ९ जून २०१५ रोजीं आला. एक वर्षाचा उशीर. मधल्या काळांत मासिक वर्गणीची अटहि काढून टाकण्यात आली.

कन्सोलवर येतांना या खेळानें बोलण्याची पद्धत मात्र बदलली. टंकण्याची सोय काढली आणि तिच्या जागीं प्रत्यक्ष आवाज आणला. जवळ उभ्या असलेल्या पात्राचा आवाज कानीं पडावा अशी व्यवस्था केली. वरवर पाहतां ही सुधारणाच वाटेल, आणि लढाईच्या ऐन धामधुमींत ती आहेच, कारण हात मोकळे राहतात. परंतु भूमिका-खेळ म्हणजे सोंग घेणें आहे. लिहिलेल्या शब्दाआड माणूस लपूं शकतो. पन्नाशीची गृहिणी तरुण धनुर्धर होऊं शकते, तोतरा मुलगा फर्डा सेनापति होऊं शकतो, आणि ज्याचे इंग्रजी उच्चार वेगळे आहेत त्यास कोणी हिणवूं शकत नाहीं. आवाज निघाला कीं वय, लिंग, प्रांत सर्व उघडें पडतें. शिवाय दिवाणखाना ही घरांतली सामाईक जागा. तेथें रात्रीं अकरा वाजतां मोठ्यानें बोलणें शेजारच्या खोलींत निजलेल्यांना मानवत नाहीं. ज्या मुक्यांना आणि लाजाळूंना मेजावरील खेळानें वाचा दिली होती, त्यांची ती वाचा या बदलांत गेली. कृति किती उरल्या याची मोजदाद सर्वच करतात. ही मोजदाद फारशी कोणी करीत नाहीं.

देवडीची गोष्ट अजून राहिली आहे. ऑनलाइन देशाची डागडुजी सतत चालते. संगणकावर एखादी चूक आढळली तर कर्ते त्याच दिवशीं ती दुरुस्त करून सर्वांकडे पाठवूं शकतात. कन्सोलसाठींचा बदल यंत्राच्या कंपनीकडून तपासून घ्यावा लागतो, आणि तोपर्यंत कन्सोलवाल्यांना चुकीसकट दिवस काढावे लागतात. दोन्ही प्रकारचे रहिवासी एकाच देशांत ठेवावयाचे तर दोघांचे बदल एकाच मुहूर्तावर लागू व्हावे लागतात. म्हणून पुष्कळ कंपन्या देशच वेगळे ठेवतात. एल्डर स्क्रोल्सनें प्रारंभीं तसेंच केलें: संगणकवाल्यांचा एक, प्लेस्टेशनचा दुसरा, एक्सबॉक्सचा तिसरा. मित्राच्या घरीं निराळें यंत्र असेल तर त्याची भेट होणें नाहीं.

फायनल फँटसीच्या कर्त्यांनीं आपला एकत्र संसाराचा हट्ट सोडला नाहीं, आणि त्याची किंमत त्यांना वेळेच्या रूपानें द्यावी लागली. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० वर चौदावा भाग कां येत नाहीं, असें विचारल्यावर योशिदा यांनीं उघडपणें सांगितलें होतें कीं, इतर यंत्रांवरील खेळाडूंशीं संबंध जोडूं देण्यास त्या कंपनीचे त्या वेळचे नियम आड येतात. आपल्या रहिवाशांत भिंत घालण्यापेक्षां त्या दाराशीं थांबणें त्यांनीं पसंत केलें. अखेर २१ मार्च २०२४ रोजीं हा खेळ नव्या एक्सबॉक्सवर आला, आणि तेथून येणारे खेळाडू संगणक व प्लेस्टेशन यांवरील रहिवाशांच्याच देशांत दाखल झाले. नव्या रूपांत वसल्यापासून साडेदहा वर्षें लोटलीं होतीं. अमेरिकेंतच २००४ मध्यें निघालेला, या प्रकारांतला सर्वांत गाजलेला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ याचीं पहिलीं वीस वर्षें तर कन्सोलवर पाऊल न ठेवतांच गेलीं, हें पाहिलें म्हणजे या वाटेवरचा चढ ध्यानांत येतो.

यंत्र म्हातारें झालें कीं काय करावयाचें, या प्रश्नाला चौदाव्या भागानें बरें उत्तर दिलें. प्लेस्टेशन ३ ची स्मृति दोन हिश्शांत विभागलेली, २५६ मेगाबाइटचा एकेक हिस्सा. तिच्यांत वाढता देश मावेना. जून २०१७ मध्यें त्या यंत्रावरचा खेळ बंद करण्यात आला. परंतु प्लेस्टेशन ४ वर तो २०१४ पासूनच होता, आणि जुन्या यंत्रावरील गिऱ्हाइकांना नव्या यंत्रासाठींची प्रत विनामूल्य देण्याची सोय कंपनीनें केली. पात्र, त्याची पुंजी, त्याचे स्नेही, सर्व सर्व्हरमध्यें असल्यानें रहिवाशानें फक्त नवें दार उघडावयाचें होतें. अर्थात् नवें यंत्र त्याला विकतच घ्यावें लागलें.

अकराव्या भागाच्या वांट्याला एवढें भाग्य आलें नाहीं. एप्रिल २००६ पासून तो एक्सबॉक्स ३६० वरहि चालत होता, परंतु त्यापुढील कोणत्याहि कन्सोलवर तो गेला नाहीं. ३१ मार्च २०१६ रोजीं प्लेस्टेशन २ आणि एक्सबॉक्स ३६० या दोन्ही यंत्रांवरील सेवा बंद झाली. प्लेस्टेशन २ चें उत्पादनच त्यापूर्वीं तीन वर्षांपेक्षां अधिक काळ थांबलेलें होतें. त्या जुन्या यंत्रांतील हार्ड डिस्का संभाळीत, चौदा वर्षें तेथें राहिलेलीं माणसें जपानांत अजून होतीं. ज्यांना तेथेंच राहावयाचें होतें त्यांना संगणक घ्यावा लागला. ज्यांना तो जमला नाहीं त्यांचीं पात्रें सर्व्हरमध्यें जेथें उभीं होतीं तेथेंच राहिलीं.

दिवाणखान्यासाठीं जन्मलेला तो देश आज केवळ संगणकावर जिवंत आहे. कीबोर्ड व माऊस समोर असलेला तेथला आजचा खेळाडूहि एका यादींतून दुसऱ्या यादींत एकेक ओळ खालीं सरकत जातो, कारण त्या याद्या आठ-दहा फुटांवरून वाचण्यासाठीं आणि अंगठ्यानें चाळण्यासाठीं रचलेल्या आहेत. आणि सहा जणांच्या संघांत निरोप घेतांना रंगीत कंसांतले शब्द अजून उमटतात.